कुणीच न उलटलेला चेंडू

हे कोणालाही पटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. मितिलिनीच्या वकिलाला पटलं नाही, माझ्या व्याह्यांना पटलं नाही, आणि एकदा बोटीवर भेटलेल्या बिशपला सांगितलं तर त्याने माझ्यासाठी प्रार्थना केली. तरी सांगतो. बाहेर वारा सुटलाय, होड्या बांधून ठेवल्यात, आणि अमेरसूदाने कॉफी चढवलीच आहे.

एक गोष्ट मात्र देवदूत मिखाईलची शपथ घेऊन सांगतो, या प्रकरणात माझा हात नव्हता. मी दूकास, या स्काला गावचा चांभार. थिएला फुटबॉल क्लबच्या पोरांचे बूट मी शिवले, गावाच्या चपला मी शिवल्या. अमेरसूदाच्या पायातली सँडलसुद्धा माझीच, आणि माझा टाका आजवर उसवलेला नाही. बाकी मी नुसता बघ्या.

"शपथ आली," अमेरसूदा गल्ल्यामागून म्हणाली. "म्हणजे थाप फार लांब नाही."

१. डाग

तेव्हा हे कॉफीघर हिच्या बापाचं, स्त्रातिसचं होतं. थिएलाचा अध्यक्षही तोच. त्या कोपऱ्यात, संत निकोलाच्या तसबिरीखाली, काचेची कुलूपबंद पेटी होती. पेटीत चेंडू.

चेंडूची कथा तुम्हाला ठाऊक आहे. १९२२ साली समोरच्या तुर्की किनाऱ्यावरची आमची गावं जळाली, तेव्हा प्रोकोपिस नावाचा पोरगा तो चेंडू छातीखाली धरून समुद्र पोहत इकडे आला आणि ओल्या कपड्यांनिशी त्याने क्लब काढला. माझ्या लहानपणी कथेत तो थोडाच पोहला होता, पुढे त्याला होडीने उचललं होतं. माझ्या लग्नापर्यंत सगळा समुद्र पोहून झाला होता. हल्ली ऐकतो, वाटेत त्याने एका डॉल्फिनला गोल मारला.

दर मोसमाच्या पहिल्या रविवारी पाद्रीबाबा चेंडूवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि अकरा गडी रांगेने पुढे होऊन, तसबिरीचं घेतात तसं, त्याचं चुंबन घ्यायचे. वरचं चामडं ओठांनी गुळगुळीत झालं होतं. खालचं कोणी पाहिलं नव्हतं. तसबीर कोणी उलटी करून बघतं का?

तर त्या उन्हाळ्यात अशी वेळ आली की गावात अकरा गडी उरले नाहीत. पोरं जहाजांवर, जर्मनीत, मेलबर्नला. वरच्या गावाच्या अस्त्रापी क्लबची तीच गत. दोन्ही क्लब एक करायचे ठरले. आता नाव कोणाचं? ठराव झाला की जो क्लब जुना, त्याचं नाव आणि त्याचा शर्ट राहील. दुसऱ्याचं नाव पुसलं जाईल. अस्त्रापीकडे एक फोटो होता, पुढे बसलेल्या गड्याच्या पाटीवर खडूने १९२५ लिहिलेलं. आमच्याकडे चेंडू. रविवारी अथेन्सहून जुन्या खेळसामानाचा एक जाणकार येऊन तो चेंडू हातात घेऊन तपासणार होता.

शनिवारी दुपारी पेटी रिकामी. काच शाबूत, कुलूप लावलेलं. फळीवर एक ओला लाल डाग.

स्त्रातिस डोक्याला हात लावून खाली बसला. "मेलो! रक्त आहे ते रक्त!"

२. पंच

निवाडा करायला अगिसिलाओस नावाचा म्हातारा पंच नेमला होता. निवडीचं कारण असं की दोन्ही गावं त्याचा अगदी सारखा द्वेष करत. आमच्याविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी देऊन तो मासळीच्या गाडीत, बर्फाखाली लपून पळाला होता. पुढच्या वर्षी त्यांच्याविरुद्ध दिली. त्या वेळी कोंबड्यांच्या गाडीत.

तो दुपारच्या बोटीने उतरला. गळ्यात शिट्टी अजून होती. कॉफीघरात शिरला, तर आत दोन्ही गावं एकमेकांच्या आया-बहिणी काढत होती. त्याने शिट्टी फुंकली. सवयीने सगळे जागच्या जागी थांबले.

"हा आंधळा काय चोर पकडणार?" मागून कोणीतरी म्हणालं. "याला गोललाइन दिसत नव्हती."

"तुझं ऑफसाइड मला अजून दिसतंय, बाबा," पंच म्हणाला. त्याने पेटीत डोकं घातलं, डागाला बोट लावलं, हुंगलं. "रक्त कसलं? वाइन आहे."

फळीवर दोऱ्याचा एक बारीक तुकडा होता. तो त्याने उचलून खिशात टाकला. मग वळला आणि आमच्याकडे पाहत राहिला.

"माझी एक रीत आहे," तो म्हणाला. "ज्याचा पाय खरंच तुडवला जातो, तो आपल्या पायाकडे बघतो. सोंग घेणारा पंचाकडे बघतो."

सगळे रिकाम्या पेटीकडे बघत होते. माझी आणि त्याची मात्र नजरानजर झाली. मी त्याच्या बुटांकडे बघून मान वर केली होती, टाच सैल होती त्याची. धंद्याची सवय.

अस्त्रापीचा अध्यक्ष लिसान्द्रोस टेबलावर हात आपटून ओरडला, "चेंडू नव्हताच म्हणा ना! आमच्या आजोबांनी पायात बूट घातले त्याच पहिल्या दिवशी तुमच्यात पाच गोल घातले, पाच! तुमचे गडी दोन-दोन मोसम मुरलेले, तरी पाच! आणि म्हणे तुम्ही थोर!"

"पेटीच्या किल्ल्या किती?" पंचाने विचारलं.

स्त्रातिसने बोटं उघडली. एक त्याच्याकडे. एक पाद्रीबाबा इग्नातिसांकडे, पाणी शिंपडण्यासाठी. एक मिर्सिनीकाकूकडे. ती प्रोकोपिसची सून, म्हणजे आमचा जुना गोलकीपर पानागोस, त्याची बायको. चेंडू सांभाळायचं काम त्या घराकडेच होतं. पानागोस गेल्यावर चामड्याला तेल लावायला ती यायची.

"आणि सकाळी इथे कोण होतं?"

"कोणीच नाही," स्त्रातिस म्हणाला. "सगळं गाव दफनभूमीत होतं. आज पानागोसची हाडं वर काढली, पुरून काही वर्षं झाली की काढतात तशी."

३. मुंग्या

पंचाने स्त्रातिसला समोर बसवलं. अमेरसूदाच्या आईने दोघांपुढे चेरीच्या मुरंब्याच्या बश्या ठेवल्या.

"तुझा फायदा काय, स्त्रातिस?"

"माझा? साहेब, माझी अब्रू गेली!"

"नवा क्लब कुठे बसेल, तुझ्याकडे की वरच्या गावात?"

"माझ्याकडे. ते ठरलंय. नाव कोणाचंही असो."

"म्हणजे नाव गेलं तरी गिऱ्हाईक जात नाही."

स्त्रातिस लालबुंद झाला. "गिऱ्हाईक! माझ्या बापाला त्या शर्टात पुरलं, साहेब. शवपेटी बंद होईना, शर्टाच्या बाह्या बाहेर येत होत्या!"

"वाइन विकतोस?"

"उझो विकतो. या घरात वाइनचा थेंब नाही. वाइन हवी तर चर्चमध्ये जा," असं म्हणून तो थांबला. आपण कोणाकडे बोट दाखवलं ते त्याच्या लक्षात आलं. "मी तसं नाही म्हटलं हं."

पंचाच्या चमच्यातून मुरंब्याच्या पाकाचा थेंब टेबलावर सांडला. त्याने तो पुसला नाही. तो पाद्रीबाबांना भेटून परत आला तेव्हा थेंबापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. रांग पेटीच्या पायाजवळून जात होती. पंच वाकून बराच वेळ ती रांग बघत बसला.

"मुंग्या मोजतोय," लिसान्द्रोस कुजबुजला. "पेनल्टी मुंग्यांना देणार."

४. प्रसादाची वाइन

पाद्रीबाबा इग्नातिस चेंडूचे वैरी होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चामड्याच्या गोळ्याचं चुंबन घ्यायला आलेले गडी त्यांच्या क्रुसाचं घ्यायला येत नसत. गेल्या ईस्टरला त्यांनी भर प्रवचनात तो समुद्रात फेकायची धमकी दिली होती.

"हो, दिली होती," ते पंचाला म्हणाले. "आणि फेकला असता तर घंटा वाजवून, गाव जमवून फेकला असता. चोरून पुण्य लागत नाही."

"तुमच्याकडे वाइन आहे."

"प्रसादाची आहे. चाखायची? चाखा. तुमच्यासारख्याला तरी तेवढाच देवाचा स्पर्श."

पंचाने बोट बुडवलं, चाखलं. गोड, दाट, मधासारखी चिकट. बोट अंगठ्याला चिकटलं.

"सकाळी दफनभूमीत काय झालं?"

"जे होतं तेच. पानागोसला जमिनीतून वर काढला. मिर्सिनीने स्वतः हाडं वाइनने धुतली, आपल्या घरच्या वाइनने, लोकांनी मदतीला हात पुढे केले तरी कोणाला शिवू दिलं नाही. मी प्रार्थना म्हटल्या. मग अंगणात कॉफी, कोन्याक, गव्हाचा प्रसाद. ती म्हणाली, दिव्याचं तेल संपलं, आणते. गेली, आली. मग हाडांचा डबा बंद केला आणि अस्थिघरात ठेवला."

"घरची वाइन कशी असते तिची?"

"आंबट," पाद्रीबाबा म्हणाले. "पानागोस म्हणायचा, ही प्यायलो की गोल दिसत नाही."

पंच उठला. दारात थबकून त्याने विचारलं, "डबा उघडता येईल?"

पाद्रीबाबांचा चेहरा दगडासारखा झाला. "मेलेल्याला मी दोनदा उठवत नाही. आणि तुम्ही हात लावलात, तर या वेळी कोंबड्यांची गाडीसुद्धा तुम्हाला नेणार नाही."

५. अस्थिघर

दफनभूमीच्या टोकाला सुरूच्या झाडांखाली अस्थिघराची छोटी खोली आहे. आत पत्र्याचे डबे रचलेले, प्रत्येकावर नाव आणि फोटो. मिर्सिनीकाकू दारातच खुर्ची टाकून बसली होती, कोणी येणार हे ठाऊक असल्यासारखी. हात मांडीवर उपडे ठेवलेले.

आम्ही पाचपन्नास माणसं फाटकापाशी उभी होतो. पंच एकटा पुढे गेला.

"काकू, हात दाखवा."

तिने हात सुलटे केले. नखांच्या कडा जांभळ्या होत्या.

"नवऱ्याला आंघोळ घातली," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच न कुरकुरता बसला."

"थिएला बुडेल, काकू. सासऱ्यांनी काढलेला क्लब. उद्या नाव पुसलं जाईल."

"तुम्ही पेनल्टी दिलीत तेव्हा गोलमध्ये हाच उभा होता," तिने मागच्या एका डब्याकडे मानेने खूण केली. "तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"बरोबर होती का हो ती पेनल्टी?"

पंचाने शिट्टी गळ्यातून काढली. "नाही," तो म्हणाला.

"आत या," मिर्सिनीकाकू म्हणाली. दोघं आत गेली आणि दार लागलं.

आत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. मिर्सिनीकाकूने मरेपर्यंत शब्द काढला नाही, पंचानेही नाही. डबा तर आजपर्यंत कोणी उघडलेला नाही. पंच बाहेर आला तो शिट्टी खिशात घालून. "उद्या चर्च सुटल्यावर," एवढंच म्हणाला.

६. शिट्टी

रविवारी दोन्ही गावं कॉफीघराबाहेर चौकात बसली. अथेन्सचा जाणकार हातमोजे घालून तयार. लिसान्द्रोस फोटो छातीशी धरून उभा. स्त्रातिसने क्लबचा निळा शर्ट अंगात घातला होता, शेवटचा म्हणून. त्याच्या पोटावर तो अर्ध्यातच थांबला होता, पण हसलं कोणी नाही.

"पेटीतला डाग वाइनचा," पंच म्हणाला. "प्रसादाची वाइन असती तर ती गोड. मुंग्या माझ्या मुरंब्यापर्यंत आल्या, पण वाटेवरच्या पेटीत एकही शिरली नाही. म्हणजे वाइन आंबट, आणि पाद्रीबाबा सुटले. स्त्रातिसच्या घरात वाइन नाही. काल सकाळी वाइनने ओले हात या गावात एकाच ठिकाणी होते. कुठे, ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

माना मिर्सिनीकाकूकडे वळल्या. ती काळ्या कपड्यात ताठ बसली होती.

"डबा उघडा!" वरच्या गावातून कोणीतरी ओरडलं.

"ये, तू उघड," पाद्रीबाबा म्हणाले. ओरडणारा खाली बसला.

"फाउल झाला," पंच म्हणाला. "मी पाहिला. पण नियम असा आहे की ज्याच्यावर फाउल झाला त्याचाच फायदा होत असेल, तर शिट्टी वाजवायची नाही, खेळ चालू ठेवायचा."

"फायदा?" लिसान्द्रोस खदखदून हसला. "पुरावा गायब, आणि यांचा फायदा?"

"फोटो दाखवा तुमचा. छान. हा पहिल्या सामन्याचा?"

"पहिल्याच! पायात बूट घातले तो दिवस. पाच गोल!"

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? यांना! थिएलाला!"

"मुरलेल्या गड्यांना?"

"दोन-दोन मोसम मुरलेल्या! आमचे आजे सांगायचे, घरात जेवताना सांगायचे—"

आणि मग लिसान्द्रोसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आधी आमच्याकडच्या एका म्हातारीला हसू फुटलं, मग सगळ्या चौकाला. साठ वर्षं ते आम्हाला त्या पाच गोलांनी टोचत होते आणि साठ वर्षं आम्ही कान झाकून घेत होतो. कोणालाही सुचलं नाही की गोल खायला आधी क्लब असावा लागतो.

"नाव थिएला, शर्ट निळा," पंच म्हणाला, आणि आता त्याने शिट्टी वाजवली. "पाच गोल मात्र तुमचे, लिसान्द्रोस. ते कोणी पुसणार नाही."

स्त्रातिस रडत होता. अथेन्सच्या जाणकाराने हातमोजे काढले आणि उझो मागवला.

बोट सुटायच्या आधी पंच माझ्या दुकानात आला. टाच शिवून मागितली. मी शिवली. त्याने खिशातून दोऱ्याचा तो तुकडा काढला, माझ्या दोऱ्याशेजारी धरून पाहिला आणि परत खिशात टाकला. "चांगला टाका आहे," म्हणाला. गुणाची कदर असलेला माणूस. लोक उगाच त्याला आंधळा म्हणायचे.

७. कॉफी

आता तुम्ही विचाराल, काकूने असं का केलं? सरळ आहे. जर्मन आले त्या उपाशी हिवाळ्यात पानागोसची धाकटी बहीण अनवाणी हिंडत होती. त्याने बापाचा चेंडू कापून तिला चपलांचे तळवे करून दिले. चामडं चांगलं होतं, पोरगी जगली. पुढे बऱ्याच वर्षांनी क्लबने चेंडू मागितला, काचेत ठेवायला. बिचारा काय सांगणार? मितिलिनीहून गुपचूप नवा आणला, तेलात मुरवला, जैतुनाच्या धुरात काळा केला. पण जुन्या चेंडूच्या तोंडाला बुटासारखी नाडी असायची. नव्याला नाडी कुठली? नुसतं हवेचं भोक. म्हणून भोकावर ठिगळ लावलं, दुहेरी टाक्याने, मेण लावलेल्या दोऱ्याने, आणि ती बाजू खाली करून ठेवली. पेटीत तो तसाच बसला. अथेन्सवाला तो उलटा करणार होता. उलटा केला की थिएला खोटी आणि पानागोस चोर. म्हणून त्याची हाडं धुता धुता तिने ठरवलं. ठिगळ उसवलं, हवा सोडली, चेंडू टोपीसारखा चपटा झाला, आणि ठेवला डब्यात, त्याच्याच उशाशी. गोलकीपरच तो. पकडून बसलाय अजून.

माझी गोष्ट संपली. मी कपाकडे हात केला, पण कप तिथे नव्हता. अमेरसूदाच्या हातात होता.

"दूकासकाका," ती म्हणाली, "तो डबा कोणी उघडला नाही ना?"

"नाही, पोरी."

"मिर्सिनीकाकू बोलली नाही?"

"शब्द नाही."

"आणि पंच?"

"तो तर मुळीच नाही. कबरीत घेऊन गेला."

"आणि चेंडू कोणी कधी उलटा केला नाही."

"तसबीर कोणी उलटी करून—"

"मग ते ठिगळ तुम्ही कुठून पाहिलंत?"

वाऱ्याने दार हाललं. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी, का कोण जाणे, अमेरसूदाकडे बघत होतो.

"सगळं गाव पेटीकडे बघतंय आणि एकटा चांभार पंचाकडे," ती म्हणाली. "म्हणे बूट बघत होतो!" तिने कप खाली ठेवला, पायातली सँडल काढली आणि कपांच्या मधोमध, तळवा वर करून, टेबलावर आपटली. "या रे, बघा सगळ्यांनी. दुहेरी टाका. मेणाचा दोरा. आणि शपथ कसली घेतली होतीत, काका? हात नव्हता म्हणून? अहो, अख्खा हात तुमचाच आहे की त्यात!"